रांग कोट्याची, नाव तपासणीचं

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या तिसऱ्या कलमात कायद्याची उद्दिष्टं दिली आहेत. कुटुंबं कॅनडात पुन्हा एकत्र यावीत हे पाहणं, हे त्यातलं एक. हा कायदा २००१ साली संमत झाला आणि जून २००२ पासून लागू आहे. नागरिक असलेल्या किंवा पीआर (कायम राहण्याचा दर्जा) मिळालेल्या माणसाला आपल्या नवऱ्याला किंवा बायकोला स्पॉन्सर करण्याची, म्हणजे हमी देऊन बोलावून घेण्याची, मुभा तो देतो. त्यासाठी किमान उत्पन्नाची अट सहसा नाही. स्पॉन्सरचं वय १८ पूर्ण हवं, तो अपंगत्वाशिवाय अन्य कारणानं सरकारी मदतीवर जगणारा नसावा, आणि जोडीदाराला पीआर मिळाल्यापासून तीन वर्षं त्याचा खर्च उचलण्याची हमी त्यानं द्यावी. कागदावर हे उदार आहे. मग लग्न झालेली इतकी जोडपी वर्ष, दीड वर्ष, काही ठिकाणी त्याहून जास्त काळ दोन देशांत का राहतात?

याचं उत्तर बहुतेक वेळा ‘तपासणी चालू आहे’ असं मिळतं. मला ते मान्य नाही. या काळातला फार थोडा भाग लग्न खरं आहे का हे पाहण्यात जातो. उरलेला काळ फाइल रांगेत पडून असते, आणि ती रांग सरकारनंच वार्षिक आकड्यांनी तयार केलेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे: तपासणी कडक करा, पण ती आधी उरका. रांग त्यानंतरही लावायची असेल, तर रांगेतल्या नवराबायकोला तोवर एका घरात राहू द्या.

आधी आकडे. सरकार दरवर्षी पुढच्या तीन वर्षांत किती जणांना पीआर देणार याचा आराखडा मांडतं. त्यात नवरा-बायको, जोडीदार आणि मुलं यांचा वेगळा रकाना असतो. नोव्हेंबर २०२३ च्या आराखड्यात हा आकडा २०२४ साठी ८२,००० आणि २०२५ व २०२६ साठी प्रत्येकी ८४,००० होता. वर्षभरानं, ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा आराखडा आला आणि तेच आकडे २०२५ साठी ७०,०००, २०२६ साठी ६६,५०० आणि २०२७ साठी ६१,००० झाले. या वर्षभरात लोकांनी लग्नं करणं कमी केलं नव्हतं. किती जणांनी स्पॉन्सरशिपचा अर्ज करावा यावर कायद्यात मर्यादा नाही, पण किती जणांना वर्षभरात पीआर द्यायचा यावर मात्र आकडा आहे. आत येणारे अर्ज मोकळे आणि बाहेर पडणारे निर्णय मोजून, अशी व्यवस्था असेल तर मधला साठा वाढणारच. एखादा अधिकारी कितीही झपाट्यानं काम करणारा असला तरी या गणितापुढे त्याचं काही चालत नाही.

क्वेबेकनं हीच गोष्ट उघडपणे केली. १९९१ च्या करारामुळे त्या प्रांताला इमिग्रेशनमध्ये स्वतःचे अधिकार आहेत, आणि तिथल्या स्पॉन्सरला केंद्र सरकारबरोबर प्रांताचीही मंजुरी घ्यावी लागते. २६ जून २०२४ ते २५ जून २०२६ या दोन वर्षांत कुटुंबासाठीचे १३,००० च अर्ज घ्यायचे, त्यातले १०,४०० जोडीदार आणि १८ वर्षांवरच्या अवलंबून मुलांचे, असं प्रांतानं ठरवलं. जोडीदारांचा कोटा मुदतीच्या बराच आधी संपला. त्यानंतर मॉन्ट्रियलमध्ये राहणाऱ्या माणसाला बायकोसाठी अर्जच देता येईना, आणि शेजारच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ओटावात राहणाऱ्याला मात्र तो देता येत होता. यात लग्नाच्या खरेपणाचा प्रश्न कुठेही आलेला नाही.

आणि ठरवलं तर वेळ कमी होतो, हेही सिद्ध झालेलं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारनं जाहीर केलं की जोडीदारांचे अर्ज साधारण १२ महिन्यांत निकाली काढू. त्या वेळी जगभर सुमारे ७५ हजार लोक या रांगेत होते. २०१७ संपताना ही संख्या सुमारे १५ हजारांवर आली. कायदा तोच होता आणि लग्न खरं असलं पाहिजे ही अटही तीच. माणसं नेमली, अर्ज सोपा केला आणि त्या वर्षीचा आकडा वाढवला. ८० टक्के अर्ज १२ महिन्यांत हे मानक परदेशातून केलेल्या अर्जांसाठी अजूनही कागदावर आहे.

आता ही रांग प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू, कारण नेमकं काय बदलायला हवं ते त्यावरच ठरतं.

अर्ज दोन प्रकारे करता येतो. लोक त्यांना इनलँड आणि आउटलँड म्हणतात. इनलँडसाठी दोघांनी कॅनडात एकत्र राहत असणं आवश्यक आहे. आउटलँडमध्ये जोडीदार भारतात असू शकतो, आणि कॅनडात असला तरी हाच मार्ग निवडता येतो. फरक मोठा आहे. आउटलँड अर्ज नाकारला गेला तर स्पॉन्सरला ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येतं. तिथे नव्यानं पुरावे देता येतात, साक्ष होते. इनलँडला हे अपील नाही, फक्त फेडरल कोर्टात परवानगी मागून न्यायालयीन आढावा घेता येतो आणि त्यासाठी १५ दिवस मिळतात. शिवाय इनलँड फाइल चालू असताना जोडीदार घरच्या आजारपणासाठी भारतात आला आणि परतीचा व्हिसा मिळाला नाही, तर ‘कॅनडात एकत्र राहणं’ ही मूळ अटच मोडते. म्हणून भारतात ये-जा होण्याची थोडीही शक्यता असेल तर, जोडीदार कॅनडात असतानाही, मी आउटलँडच सुचवेन.

फी ३० एप्रिल २०२४ च्या दरांनुसार अशी होती: स्पॉन्सरशिपचे ८५ डॉलर, अर्जाच्या प्रक्रियेचे ५४५, पीआरच्या हक्काची फी ५७५ आणि बायोमेट्रिक्सचे ८५. म्हणजे एका माणसामागे १,२९० कॅनेडियन डॉलर. मेडिकल, पोलीस क्लिअरन्स, भाषांतरं वेगळी. पैसे भरून पोर्टलवर फाइल गेली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी फाइल नंबरासह पोचपावती येते, तिलाच सगळे एओआर म्हणतात. मग स्पॉन्सरची पात्रता, बायोमेट्रिक्स, मेडिकल, नात्याची तपासणी, बॅकग्राउंड चेक. स्पॉन्सरची पात्रता पाहायची म्हणजे त्याचं नागरिकत्व किंवा पीआर, वय, आधीची थकलेली हमी, काही ठरावीक गुन्हे आणि दिवाळखोरी तपासायची. हे सगळं सरकारच्याच नोंदींत सापडतं. स्वतःच्या फाइलच्या जीसीएमएस नोट्स, म्हणजे खात्याच्या संगणकातल्या नोंदी, मागवून पाहिल्या की (माहितीच्या अधिकाराखाली फी ५ डॉलर, खासगी माहितीच्या कायद्याखाली काहीच नाही) फाइल कधी हलली आणि दोन नोंदींमध्ये किती महिने नुसतेच गेले ते दिसतं.

आणि हे महिने फुकट जात नाहीत, ते कागद शिळे करतात. मेडिकल १२ महिने चालतं. निर्णय लांबला की पुन्हा करायला सांगतात, पुन्हा पैसे. पोलीस क्लिअरन्स सध्या राहत असलेल्या देशाचं असेल तर अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं लागतं, आणि फाइल वर्षभर पडली की नवं मागितलं जाऊ शकतं. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर तो अर्जाआधीच नवा करून घ्यावा, कारण पीआरची कागदपत्रं मेडिकल आणि पासपोर्ट यांपैकी जे आधी संपेल त्या तारखेपर्यंतच वैध असतात. म्हणजे उशीर सरकारचा आणि त्यानं कालबाह्य झालेले कागद पुन्हा गोळा करण्याचं काम अर्जदाराचं.

मराठी कुटुंबांत यात नावाची भर पडते. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनावही बदलतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर तिसरं अशी स्थिती असते. नाव बदलायचंच असेल तर अर्जाच्या आधी पासपोर्टसकट बदला, नाहीतर पीआर हातात येईपर्यंत थांबा. अर्ज चालू असताना बदललंच तर नव्या पासपोर्टची प्रत लगेच खात्याच्या वेबसाइटवरच्या वेबफॉर्मनं कळवा. आणि आजवर वापरलेली सगळी नावं फॉर्ममध्ये ‘इतर नावं’च्या रकान्यात लिहा. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. घरातल्या माणसानं केलेलं भाषांतर चालत नाही.

एक चूक या सगळ्यांपेक्षा गंभीर आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. स्वतःच्या पीआरचा अर्ज चालू असताना किंवा मंजुरीची कागदपत्रं आल्यावर, पण प्रत्यक्ष पीआर होण्याआधी, माणूस भारतात येऊन लग्न करतो आणि ते कळवत नाही. नियमावलीच्या ११७ व्या नियमाप्रमाणे ज्या जोडीदाराची नोंद त्या वेळी दिली नाही, त्याला पुढे फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबासाठीच्या वर्गातून, स्पॉन्सरच करता येत नाही. काही अटींवर सूट देणारं तात्पुरतं धोरण २०१९ मध्ये आलं आणि त्याला मुदतवाढ मिळत गेली, पण त्याच्या भरवशावर लग्न लपवणं म्हणजे संसारच पणाला लावणं आहे. लग्न झालं की त्याच आठवड्यात कळवा, मग पीआर थोडा लांबला तरी चालेल.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येऊ. खोटी लग्नं होतात. कागदासाठी लग्न करणारे आहेत, त्यासाठी पैसे घेणारे आहेत, आणि परदेशात गेल्यावर जोडीदाराला वाऱ्यावर सोडणारेही आहेत. म्हणून तपासणी हवीच, आणि ज्यांचं लग्न खरं आहे त्यांना ती सगळ्यात जास्त हवी असते. नियमही कडक आहे: नातं खरं नसेल, किंवा लग्न मुख्यतः स्टेटस मिळवण्यासाठी केलेलं असेल, या दोन्हींपैकी एक गोष्ट ठरली तरी अर्ज नाकारता येतो. २०१० पर्यंत दोन्ही सिद्ध व्हाव्या लागत, त्या वर्षी नियम बदलला. खोटी माहिती दिली तर २०१४ पासून पाच वर्षांची बंदी आहे. स्पॉन्सर होऊन आलेल्याला पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं नव्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. शस्त्रं पुरेशी आहेत.

ही शस्त्रं वापरायला लागणारी माहिती मात्र अर्जाच्या पहिल्याच दिवशी अधिकाऱ्याकडे आलेली असते. आयएमएम ५५३२ हा फॉर्म पाहा. पहिल्यांदा कुठे भेटलात, ओळख कोणी करून दिली, समारंभ कोणते झाले, दोन्हीकडचे आईवडील हजर होते का, नसतील तर का नाही, लग्नानंतर एकत्र किती दिवस राहिलात, एकमेकांच्या आधीच्या लग्नांबद्दल काय माहीत आहे. सोबत जास्तीत जास्त २० फोटो, संपर्काचे पुरावे, पैशांचे व्यवहार, प्रवासाची तिकिटं. हे वाचून शंका येणार असेल तर ती दुसऱ्या महिन्यातही येईल आणि अठराव्या महिन्यातही तीच येईल. मग मुलाखत दुसऱ्या महिन्यात का होऊ नये?

ठरवून केलेल्या लग्नांबाबत अधिकाऱ्याचा गोंधळ होतो हे खरं आहे, आणि तो दूर करण्याचं काम अर्जदारानं करायला हवं. विवाहमंडळात नाव नोंदवलं, पत्रिका जमली, दोन व्हिडिओ कॉल झाले, मुलगा दोन आठवड्यांच्या रजेवर आला, साखरपुडा आणि लग्न एकाच फेरीत उरकलं. आपल्याला यात वावगं काही दिसत नाही. पण परक्या माणसाला हे घाईचं लग्न वाटतं. म्हणून दोन्ही घरांनी कशाची चौकशी केली, मध्यस्थ कोण, आधी किती स्थळं पाहिली, हीच जोडी का जमली, हे फॉर्ममध्ये साध्या शब्दांत, तारखांसह लिहावं. लग्नपत्रिका, हॉलची पावती, दोन्हीकडचे नातेवाईक दिसणारे फोटो जोडावेत. जोडीनं काढलेल्या देखण्या फोटोंपेक्षा सासू-सासरे, मामा-मावश्या असलेला साधा फोटो जास्त बोलतो.

दुसरा नेहमीचा घोटाळा नोंदणीच्या तारखेचा. फाइल लवकर लागावी म्हणून आधी रजिस्टर लग्न करतात आणि विधीवत लग्न सहा महिन्यांनी ठेवतात. स्पेशल मॅरेज अॅक्टखाली आधी ३० दिवसांची नोटीसही द्यावी लागते, त्यामुळे रजेचं गणित बसवण्यासाठीही असं होतं. मधल्या काळात मुलगी माहेरीच राहते. कायद्यानं लग्न नोंदणीच्या दिवशी झालेलं असतं, पण सोशल मीडियावर आणि कधी दुसऱ्या व्हिसाच्या फॉर्मवर ती स्वतःला अविवाहित म्हणवते. ही विसंगती नकाराला पुरते. सगळीकडे नोंदणीचीच तारीख द्यावी आणि दोन समारंभ का, ते एका परिच्छेदात सांगावं. व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न मात्र धरूच नका. दोघं एका जागी हजर नसलेली लग्नं जून २०१५ पासून अर्जासाठी ग्राह्य नाहीत.

लांबलेल्या प्रतीक्षेचा एक परिणाम मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. पीआर मिळेपर्यंत स्पॉन्सरला अर्ज कधीही मागे घेता येतो. म्हणजे जितकी रांग लांब, तितका काळ एका जोडीदाराचं भवितव्य दुसऱ्याच्या मुठीत. ‘फाइल मागे घेईन’ ही धमकी ऐकून मार खाणाऱ्या बायका आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये कॅनडानं नव्या लग्नांसाठी दोन वर्षं एकत्र राहण्याच्या अटीवर पीआर द्यायला सुरुवात केली होती. त्या अटीनं छळ सोसणाऱ्या माणसालाच घरात अडकवलं, म्हणून एप्रिल २०१७ मध्ये ती काढली. काढली ते योग्यच झालं. पण दोन वर्षांची अट काढून तिच्या जागी दोन वर्षांची रांग उभी केली, तर छळ सोसणारीच्या दृष्टीनं काय बदललं? घरगुती हिंसाचाराला तोंड देणाऱ्यांसाठी जुलै २०१९ पासून विनाशुल्क तात्पुरता परवाना आहे, निदान सहा महिन्यांचा. तो प्रत्येक स्पॉन्सर झालेल्या जोडीदाराला एओआरसोबतच तिच्या भाषेत कळवायला हवा.

मग करायचं काय? पहिलं, अर्ज आल्यापासून ठरावीक महिन्यांत, समजा चार, स्पॉन्सरची पात्रता आणि नात्याचा खरेपणा यांवर निर्णय द्यावा. शंका असेल तर याच काळात मुलाखत घ्यावी किंवा स्पष्टीकरण मागणारं पत्र पाठवावं. दुसरं, हा टप्पा पार झाला की परदेशातल्या जोडीदाराला येण्याचा आणि काम करण्याचा परवाना आपोआप मिळावा. पीआरचा शिक्का वार्षिक आकड्याप्रमाणे नंतर बसू दे. तिसरं, या परवान्याची मुदत स्पॉन्सरच्या मर्जीवर नसावी. त्यानं अर्ज मागे घेतला तरी परवाना लगेच रद्द होऊ नये.

हे स्वप्नरंजन नाही. ऑस्ट्रेलियात पार्टनर व्हिसा दोन टप्प्यांतच मिळतो, आधी तात्पुरता, मग कायमचा, आणि देशात राहून अर्ज केलेल्याला मधल्या काळात ब्रिजिंग व्हिसावर काम करता येतं. कॅनडानंही मे २०२३ मध्ये अर्धी वाट चाललेली आहे. एओआर मिळालेल्या आणि कॅनडात स्पॉन्सरसोबत राहणाऱ्या जोडीदाराला, अर्ज इनलँड असो वा आउटलँड, ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करण्याचा परवाना) मागता येऊ लागलं. बाहेर असलेल्यांचे व्हिजिटर व्हिसा साधारण ३० दिवसांत पाहू, असंही सांगितलं गेलं. याला नवा कायदा करावा लागला नाही, कारण मंत्र्यांना धोरणं आखण्याचे अधिकार कायद्यातच आहेत. अडचण उरलेल्या अर्ध्या वाटेची आहे. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिजिटर व्हिसा मिळवावा लागतो आणि तिथे ‘मुदत संपल्यावर परत जाल याची खात्री वाटत नाही, कॅनडात तुमचे जवळचे नातेवाईक आहेत’ असं म्हणून नकार येऊ शकतो. ज्या नात्यासाठी अर्ज केला, तेच नाकारण्याचं कारण. पीआरची इच्छा असणं हे तात्पुरत्या व्हिसाच्या आड येत नाही असं कायद्याचं २२ वं कलम सांगतं, म्हणून व्हिसाच्या पत्रात या कलमाचा उल्लेख, एओआरची प्रत आणि पीआर नाकारला गेला तर परत येण्याची तयारी हे तिन्ही द्यावं. पण ही खात्री प्रत्येक जोडप्याला वेगळी पटवून द्यावी लागू नये.

व्हिसा मिळाला नाही तर मग उलटा मार्ग उरतो, म्हणजे स्पॉन्सरनंच भारतात येऊन राहायचं. नागरिकाला ते जमतं, फक्त परतण्याचा बेत दाखवावा लागतो. पण पीआर असलेल्या स्पॉन्सरनं कॅनडात राहत असणं ही अट आहे. तो बायकोजवळ सहा-आठ महिने राहिला तर स्पॉन्सर म्हणूनच अपात्र ठरण्याची भीती, वर पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याचा हिशेब. खरं नातं दाखवायचं तर एकत्र राहा, आणि पात्र राहायचं तर वेगळे राहा, अशा कोंडीत त्याला कायद्यानंच ढकललेलं असतं.

उशीर अगदीच अवाजवी झाला तर फेडरल कोर्टात मँडॅमसचा, म्हणजे खात्याला निर्णय द्यायला लावणाऱ्या आदेशाचा, अर्ज करता येतो, त्याची कोर्ट फी ५० डॉलर आहे. १९९० च्या दशकातल्या कोनिल खटल्यापासून कोर्ट तीन गोष्टी पाहतं: लागलेला वेळ अशा कामाला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त आहे का, उशिराला अर्जदार जबाबदार आहे का, आणि खात्याकडे समाधानकारक कारण आहे का. म्हणून प्रत्येक मागणीला मुदतीत उत्तर द्या आणि त्याच्या पोचा जपून ठेवा. पण त्याआधी आपल्या भागातल्या खासदाराच्या कार्यालयात फाइल नंबर आणि अर्जदाराचं संमतिपत्र घेऊन जावं. तिथून चौकशी मोफत होते. तीच भेट वैयक्तिक फाइलपुरती ठेवू नये. पुढच्या तीन वर्षांचा आराखडा दरवर्षी १ नोव्हेंबरच्या सुमारास संसदेत मांडला जातो आणि त्याआधी सरकार लोकांची मतं मागवतं. जोडीदारांच्या रकान्यात किती लिहायचं हे तेव्हा ठरत असतं, तेव्हा ऑगस्टमध्ये लिहिलेलं पत्र नोव्हेंबरनंतरच्या दहा तक्रारींपेक्षा कामाचं.